सर्दी-पडसे आणि ओठावरचे फोड : लागण नेमकी कशी होते?

अबोली

नमस्कार. आमच्या घरात सध्या दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. सासूबाईंना आधी सर्दी झाली, कणकण आली आणि ती ओसरते न ओसरते तोच खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठला. त्यांना असे फोड गेली कित्येक वर्षे अधूनमधून येतात आणि ‘अंगातला ताप बाहेर पडला’ असे म्हणून त्या ते सोडून देतात. एरवी मीही फार विचार केला नसता. पण माझी नणंद तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येते आहे आणि बाळाला अजून महिनाही पूर्ण झालेला नाही.

सर्दी आणि हे फोड एकाच विषाणूमुळे होतात का? बाळाला कशापासून जास्त जपायचे? टॉवेल, भांडी वेगळी ठेवून भागते का? शिवाय माझा मुलगा शाळेतून जवळजवळ दर महिन्याला सर्दी घेऊन येतो, तेव्हा त्यालाही बाळापासून लांब ठेवावे लागेल का? सासूबाईंना दुखवायचे नाही, पण बाळाच्या बाबतीत धोकाही पत्करायचा नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूक्ष्मदर्शी

अबोली, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर देतो. दोन्हींचे विषाणू पूर्णपणे वेगळे आहेत. मात्र तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत ते एकापाठोपाठ दिसले, हा निव्वळ योगायोग नाही.

सर्दी हा कोणा एका विषाणूचा आजार नाही. दोनशेहून अधिक विषाणू सर्दी आणू शकतात. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा असून त्याचेच १६०हून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत. नाकाच्या आतले तापमान साधारण ३३ अंश सेल्सियस असते आणि नेमक्या त्याच तापमानाला हा विषाणू चांगला वाढतो, म्हणून तो बहुतेक वेळा नाक-घशापुरता राहतो. त्याखेरीज नेहमीचे चार मानवी कोरोनाव्हायरस (कोव्हिडचा यांत धरलेला नाही), पॅराइन्फ्लुएंझा, अडेनोव्हायरस आणि आरएसव्ही हेही सर्दी आणतात. एका उपप्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी अडवत नाही. त्यामुळे लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा आणि मोठ्या माणसाला दोन ते तीन वेळा सर्दी होणे यात काहीच वावगे नाही. तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे, असा अर्थ त्यातून काढू नये; त्याचे शरीर एकेका नव्या विषाणूची ओळख करून घेत आहे.

ओठावरच्या फोडांचे मूळ मात्र एकाच विषाणूत आहे : हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३.८ अब्ज लोकांच्या, म्हणजे जवळपास ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो बालपणीच मिळतो आणि पुष्कळांना त्या वेळी काहीही जाणवत नाही. पहिल्या लागणीनंतर हा विषाणू ओठाच्या किंवा तोंडाच्या त्वचेतील चेतातंतूंमधून मागे मागे सरकत जातो आणि कवटीच्या तळाशी, चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेच्या गंडिकेत (चेतापेशींच्या गाठीत) जाऊन बसतो. तिथे तो जन्मभर सुप्त राहतो. ताप, कडक ऊन, अतिश्रम, मानसिक ताण, मासिक पाळी, दातांवरचे उपचार अशा एखाद्या निमित्ताने तो जागा होतो आणि त्याच चेतातंतूने पुन्हा ओठापर्यंत उतरतो. म्हणूनच फोड वर्षानुवर्षे बहुधा त्याच जागी उठतात.

तेव्हा सर्दीने सासूबाईंना फोड दिलेले नाहीत. सर्दीबरोबर आलेल्या तापाने शरीरात आधीपासून असलेल्या विषाणूला वाट करून दिली. ताप आणि फोड यांचे नाते त्यांनी अनुभवातून अचूक हेरले आहे. चुकते ते एवढेच, की त्या फोडातून ताप बाहेर पडत नाही, विषाणू बाहेर पडतो.

दीपस्तंभ

उत्तम माहिती. सर्दीच्या प्रसाराबद्दल एक भर घालतो. लोक शिंकांना घाबरतात, पण हातांकडे दुर्लक्ष करतात. व्हर्जिनिया विद्यापीठात जॅक ग्वाल्टनी आणि ओवेन हेंडली यांनी १९७०च्या दशकात यावर स्वयंसेवकांना घेऊन प्रयोग केले. सर्दी झालेल्या माणसाच्या हाताला हात लागला आणि नंतर तो हात स्वतःच्या नाकाला किंवा डोळ्याला लावला, तर लागण फार सहज होते, असे त्यांना आढळले.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहावे. सर्दी झालेला माणूस नाक पुसतो आणि रुमालाची घडी करून पुन्हा खिशात ठेवतो. पुढच्या वेळी रुमाल काढताना त्याची बोटे ओल्या भागालाच लागतात. मग तो दाराची मूठ फिरवतो. पाठोपाठ येणारा माणूस तीच मूठ धरतो आणि थोड्या वेळाने डोळ्याचा कोपरा चोळतो. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रुनलिका विषाणूला थेट नाकात पोहोचवते. यात कोणीही शिंकलेले नसते. ऱ्हायनोव्हायरस हातांवर दोनेक तास आणि टणक, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याहूनही जास्त वेळ टिकू शकतो. म्हणून माझ्या मते हात धुणे आणि चेहऱ्याला हात न लावणे हाच सर्दी टाळण्याचा मुख्य उपाय आहे.

वाटसरू

दीपस्तंभ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. तो या विषयात वगळून चालणार नाही. सर्दी झालेले आणि न झालेले पुरुष एका खोलीत बसून बारा तास पत्ते खेळत राहिले. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांना असे पट्टे आणि गळपट्टे घातले होते, की त्यांचा हात चेहऱ्यापर्यंत पोहोचूच नये. उरलेले मोकळे होते. हातांमुळेच सर्दी पसरत असेल, तर पट्टेवाले वाचायला हवे होते. प्रत्यक्षात मोकळ्या १८ जणांपैकी १२ जणांना आणि पट्टेवाल्या १८ जणांपैकी १० जणांना लागण झाली. म्हणजे फरक फारसा पडला नाही.

त्यापुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. आजारी खेळाडूंनी वापरून बरबटलेले पत्ते आणि इतर साहित्य दुसऱ्या खोलीतील बारा निरोगी माणसांना खेळायला दिले आणि त्यांना पुनःपुन्हा चेहऱ्याला हात लावायला सांगितले. त्यांच्यापैकी एकालाही सर्दी झाली नाही. तेव्हा बंद खोलीत बराच वेळ एकत्र बसणे आणि तीच हवा श्वासावाटे घेत राहणे याला कमी लेखू नये. खिडक्या उघडणे हा उपाय हात धुण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

दीपस्तंभ

हा प्रयोग मला माहीत नव्हता. त्याने हातांचा मार्ग खोटा ठरतो असे मला वाटत नाही, पण ‘मुख्य उपाय’ हे माझे शब्द एकांगी होते, हे मान्य.

सूक्ष्मदर्शी

दोघांचेही म्हणणे एकत्र धरावे. व्हर्जिनियातील प्रयोगात नाकातला ताजा स्राव हातावरून हातावर आणि लगेच नाक-डोळ्यांपर्यंत गेला होता. विस्कॉन्सिनमध्ये वाळत गेलेल्या वस्तूंची परीक्षा झाली. नाकातील ओला स्राव आणि नुकताच झालेला स्पर्श यांतून लागण होऊ शकते. जसजसा वेळ जातो आणि वस्तू वाळते, तसतसा धोका उतरतो. हवेतून होणाऱ्या लागणीसाठी मात्र जवळ बसणे, खोली बंद असणे आणि सहवास लांबणे ही परिस्थिती लागते. घरात या तिन्ही गोष्टी रोजच जुळून येतात, म्हणून एकाला झालेली सर्दी घरभर फिरते.

इथेच सर्दी आणि ओठावरचे फोड यांच्यातील सर्वांत महत्त्वाचा फरक सांगतो, कारण अबोलींच्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे. सर्दीचा विषाणू नाकातील स्रावात भरपूर आणि लाळेत तुलनेने फार कमी असतो. विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सर्दी झालेल्या व्यक्तीने निरोगी व्यक्तीचे मिनिट-दीड मिनिट चुंबन घेतल्यावर सोळांपैकी एकालाच लागण झाली. हर्पीसचे नेमके उलटे आहे. तो हवेतून पसरत नाही. तो फोडातील पाण्यातून, लाळेतून आणि त्वचेला त्वचा लागल्याने जातो. सर्दी झालेल्याच्या शेजारी तासभर बसणे धोक्याचे, फोड आलेल्याच्या शेजारी बसणे नव्हे. उलट फोड आलेल्या ओठांनी घेतलेला एक पापा पुरेसा असतो. दोन्हींसाठी सरसकट एकच पथ्य पाळले, की एकीकडे विनाकारण दुरावा येतो आणि दुसरीकडे खरी फट उघडीच राहते.

हात धुण्याबद्दलही एक तपशील नोंदवतो. हर्पीस आणि कोरोनाव्हायरस यांच्याभोवती मेदाचे आवरण असते. साबणाने किंवा अल्कोहोलने ते फाटते आणि विषाणू निकामी होतो. ऱ्हायनोव्हायरसला असे आवरण नाही, त्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर तितका भरवसा धरता येत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने वीस सेकंद हात चोळून धुतले, की तो हातावरून निघून जातो. पाणी आणि साबण जवळ असताना सॅनिटायझरवर भागवू नये.

पारिजात

मी नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करते. अबोली, तुम्ही वेळेवर विचारलेत, याचे फार बरे वाटले. बाळापुरते स्पष्ट लिहिते.

ओठावर फोड असलेल्या कोणीही नवजात बाळाचा पापा घेऊ नये. मोठ्या माणसाला हर्पीसचा त्रास बहुधा ओठापुरता राहतो. पण पहिल्या चार ते सहा आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती इतकी अपुरी असते, की हाच विषाणू त्याच्या यकृतात, फुप्फुसांत आणि मेंदूत पसरू शकतो. नवजात बाळांतील हर्पीस विरळ आहे आणि त्यातील बहुतेक लागण प्रसूतीच्या वेळी आईकडून होते. सुमारे दहा टक्के बाळांना मात्र ती जन्मानंतर, जवळच्या कोणाकडून तरी मिळते. आजार झालाच तर तो जिवावर बेतू शकतो, आणि हा दहा टक्क्यांचा भाग आपल्या हातात आहे.

म्हणून फोडावरची खपली पूर्ण गळून खालची त्वचा भरून येईपर्यंत सासूबाईंनी बाळाचा चेहरा आणि हात यांपासून ओठ दूर ठेवावेत. बाळाचे हातसुद्धा, कारण ते थेट त्याच्या तोंडात जातात. फोडाला हात लागला तर लगेच साबणाने धुवावा, मलम लावल्यावरही धुवावा. फोड झाकलेला असावा. मास्क लावला तर सर्दीपासूनही संरक्षण मिळते. बाळाला मांडीवर घ्यायला, त्याच्याशी बोलायला हरकत नाही. हे आवर्जून सांगते, कारण भीतीपोटी आजीला खोलीबाहेर बसवणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्याची काहीही आवश्यकता नसते.

हाच नियम खुद्द आईलाही लागू होतो. तिच्या ओठावर फोड आले तरी ती बाळाला अंगावर पाजू शकते. स्तनावर फोड असतील तर मात्र त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आता सर्दी. अबोली, तुमच्या मुलाच्या सर्दीकडे ‘साधी सर्दी’ म्हणून पाहू नका. आरएसव्ही नावाचा विषाणू शाळकरी मुलात केवळ नाक गळण्यावर निभावतो, पण तोच तान्ह्या बाळाच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज आणून त्याला धाप लावू शकतो. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नाक चोंदले की त्याचे पिणेही थांबते. मुलाला सर्दी असेल त्या दिवसांत, विशेषतः पहिल्या तीन-चार दिवसांत, त्याला बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊ देऊ नये आणि शाळेतून आल्याबरोबर हात धुवायला लावावे. बाळ असते त्या खोलीची खिडकी दिवसातून काही वेळ तरी उघडी असावी.

बाळ तीन महिन्यांच्या आतले असताना ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक झाला, ते पिईनासे झाले, सुस्त पडले, अंग गार लागू लागले, धाप लागली किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. रात्र असली तरीही.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. पारिजात, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि ‘मांडीवर घ्यायचे ना, मग झाले’ एवढेच म्हणाल्या.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न इथे मांडते. घरात इतर कोणालाही कधी असे फोड आलेले नाहीत. मग त्यांना ते आले कोणाकडून? आणि फोड नसतात तेव्हा त्यांच्याकडून कोणाला लागण होत नाही ना?

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की ते शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते आणि शोधण्यात अर्थही नसतो. लागण बहुधा बालपणी, कोणा मायेच्या माणसाकडून झालेली असते आणि पहिला फोड त्यानंतर अनेक वर्षांनी उठू शकतो. विषाणू शरीरात असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही फोड येत नाही. तुमच्या घरात ज्यांना फोड आलेले नाहीत, त्यांच्या शरीरातही तो असण्याचा पुष्कळ संभव आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितके सुखद नाही. फोड नसतानाही लाळेत हा विषाणू मधूनमधून उतरतो. प्रमाण कमी असते, पण जगात इतक्या लोकांना तो मिळाला आहे त्याचे मोठे कारण हेच, की देणाऱ्याला आपण काही देत आहोत याचा पत्ता नसतो. फोडातून पाणी येत असते तेव्हा विषाणू सर्वांत जास्त असतो आणि त्या दिवसांतली काळजी सर्वांत फलदायी ठरते. तरीही तान्ह्या बाळाच्या ओठांचे पापे पहिल्या काही आठवड्यांत कोणीच घेऊ नयेत, हा नियम सगळ्या घराला लावणे अधिक शहाणपणाचे. तसे केले की कोणा एकाकडे बोट दाखवण्याचा प्रसंगही येत नाही.

भांड्यांचे विचारले होते. शरीराबाहेर, विशेषतः कोरड्या पृष्ठभागावर, हर्पीसचा विषाणू फार टिकत नाही. साबणाने घासलेली भांडी सर्वांनी वापरायला हरकत नाही. मात्र फोड असताना ओठांना लागणाऱ्या वस्तू, म्हणजे लिप बाम, लिपस्टिक, दाढीचे रेझर, टॉवेल आणि उष्टा पेला, दुसऱ्याला देऊ नयेत.

निर्झर

मला एक विचारायचे आहे. ओले केस, गार वारा यांनी सर्दी होते हे मग खोटे का?

वाटसरू

विषाणूवाचून सर्दी होत नाही, हे नक्की. गारठ्याचा काहीच संबंध नाही असे मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कार्डिफ येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८० जणांपैकी निम्म्यांचे पाय वीस मिनिटे थंड पाण्यात ठेवले होते. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या गटात सर्दीची लक्षणे अधिक जणांना जाणवली. नाकात आधीच शिरलेल्या विषाणूला गारव्यामुळे बळ मिळत असावे, असा संशोधकांचा तर्क होता. शिवाय थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एकत्र बसतो, हे कारण उरतेच. झोपेचा परिणाम मात्र अधिक ठळक दिसतो : २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरस सोडला होता, रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त आढळली.

पारिजात

औषधांबद्दल थोडे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नये. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील द्रव्याचा असतो. विषाणूजन्य सर्दीतही तो येतो आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही.

ओठावरच्या फोडांसाठी असायक्लोव्हिर किंवा त्याच गटातील औषध डॉक्टर देतात. ते फोड पिकल्यावर सुरू करून फारसा उपयोग होत नाही. फोड दिसण्यापूर्वी काही तास, कधी दिवसभर आधी, त्या जागी चुणचुण, खाज किंवा आग होऊ लागते. ज्यांना हे वारंवार होते, त्यांना ती जागा आणि ती जाणीव चांगलीच ओळखीची असते. औषध तेव्हाच सुरू करायचे असते. त्यानंतर फोडांचा पुंजका उठतो, फुटतो, पाणी येते, पिवळसर खपली धरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत भरून येते. हे औषध वाढत्या विषाणूला रोखते. चेतागंडिकेत सुप्त बसलेल्याला ते हात लावू शकत नाही, म्हणून फोड पुन्हा येऊ शकतात. तोंडाच्या आत येणारे पांढरट, खोल व्रण हा बहुधा वेगळाच प्रकार असतो आणि तो संसर्गजन्य नसतो. अंगावर पट्ट्यासारखी उठणारी नागीणही वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या विषाणूची असते.

शेवटची गोष्ट डोळ्यांची. फोडाला लागलेले बोट डोळ्याला लागले, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स थुंकीने ओली करून घातली, तर हाच विषाणू डोळ्याच्या पारदर्शक पटलावर व्रण करू शकतो. फोड असताना किंवा नसताना, एक डोळा लाल झाला, दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरात पडलेले जुने थेंब तोवर घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर हर्पीसचा व्रण वेगाने पसरतो आणि दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.